"तीन सत्त्या घेऊन हरलो" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ, रिव्ह्यू पूर्ण वाचला. दोन स्टारचं वाईट वाटलंच, पण "इथे उलटं शिकवतात, भारी पत्ते आले की लगेच बेट करा म्हणतात, मग समोरचे पळून जातात" हे अजिबात पटलं नाही (बेट म्हणजे चिप्स लावणं), आणि जळगावात होल्डेम पोकर, म्हणजे दोन पत्ते हातात आणि पाच सगळ्यांसाठी टेबलवर उघडे असा खेळ, नव्याने शिकणारी पोरं हे वाचतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या हातात सत्तीची जोडी, फ्लॉपला (टेबलवर उघडणारे पहिले तीन पत्ते) बदाम राजा, बदाम चव्वी, किलवर सत्ती. तुम्ही फ्लॉपला चेक (काही न लावता पुढे), टर्नला (चौथा पत्ता) चेक, आणि रिव्हरला (पाचवा, शेवटचा) तिसरा बदाम पडल्यावर ऑल इन, सगळ्या चिप्स आत! आता समोरच्या दोघांपैकी एक्का-राजावाला कशाला कॉल करेल (तेवढ्याच चिप्स टाकेल), त्याने फोल्ड केलं, पत्ते टाकले, आणि फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते, इथे बदाम) लागलेल्याने कॉल केला. फ्लॉपला दोघंही चिप्स टाकायला तयार बसले होते हो, त्यांना तुम्ही दोन पत्ते फुकट दाखवले. बेट करूनही बदाम पडला असता, मान्य, पण फ्लॉपवरून तो लागायचा चान्स ३५ टक्क्यांच्या आसपास, बाकीच्या वेळी त्यांच्या चिप्स तुमच्याच.

आपल्याकडे सवय तीन पत्तीची, अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) डाव बसतात तेव्हा ट्रेल (तीन सारखे पत्ते) आली की गप्प राहून चाल वाढू द्यायची, आणि तिथे ते बरोबरच आहे, कारण ट्रेलच्या वर काही नाही, नवीन पत्ता येत नाही, आणि ती येते ४२५ हातांत एकदा. होल्डेममध्ये तीन सारख्यांच्या वर स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) आहे, फ्लश आहे, फुल हाउस (तीन सारखे आणि एक जोडी) आहे, आणि फ्लॉपनंतर अजून दोन पत्ते यायचे असतात.

हिशोब बघा. पॉट (मधे जमलेल्या चिप्स) १०० चा, समोर एकच कॉल करणारा, दरवेळी अर्धा पॉट बेट: ५०, १००, २००, म्हणजे त्याच्याकडून ३५०. फ्लॉप सोडला की ५० आणि १००, फक्त १५०. एका चेकने निम्म्याहून जास्त गेले!

चेक कधीच करू नका असं आम्ही म्हणत नाही, फ्लॉपला तीन वेगळे रंग, स्ट्रेटची भीती नाही आणि समोरचा स्वतःच बेट ठोकत सुटलाय, तेव्हा खुशाल करा.

पत्ते नीट पिसत नाहीत म्हणालात, तर प्रत्येक हाताआधी कट खेळणाराच करतो, तुमच्या टेबलवरही तसाच झाला. आणि खऱ्या पैशाचा टेबल मागितलात तो मिळणार नाही, आमच्या चिप्स प्लास्टिकच्या आहेत, काउंटरवर त्यांचे पैसे मिळत नाहीत आणि पुढेही मिळणार नाहीत.