‘तेच ते जोक’ म्हणणाऱ्या वाचकाला

लातूरच्या स्टँडअप प्रयोगावरच्या माझ्या लेखाखाली परवा एक प्रतिक्रिया आली. तिचा सारांश असा: टीव्हीवर पाच मिनिटं हसवणाऱ्याला सव्वा तास पेलवत नाही; सुरुवातीला त्याने यूट्यूबवर येऊन गेलेले तेच ते जोक मारले; टीव्हीवरचं गाजलेलं पात्र मात्र केलंच नाही; प्रयोग उशिरा सुरू झाला, तिकीट महाग होतं, पार्किंगचा त्रास झाला; मुंबई-पुण्यात वेगळं करतात आणि आपल्याकडे उरलंसुरलं आणतात; आणि मी कलाकारांचा दलाल आहे.

साहेब, प्रयोग आवडला नाही असं सरळ लिहिलं असतं तर मी दोन ओळींत उत्तर देऊन थांबलो असतो. पण ‘दलाल’? मराठवाड्यातली नाट्यगृहं, मंगल कार्यालयं आणि गॅदरिंगचे मांडव यांत साउंड लावण्यात माझी हयात गेली. कलाकाराकडून मी पैसे घेतो ते स्पीकर आणि माइकचे, कौतुकाचे नाही. साउंडच्या खुर्चीत बसून जे दिसतं आणि ऐकू येतं तेच लिहितो. तुम्ही एक प्रयोग पाहिलात आणि माणसाच्या इमानावर बोट ठेवलंत. हे लागलं.

उशिराचं मान्य. तिकिटावर साडेसात छापायचं आणि पडदा सव्वाआठला उघडायचा, हे चूकच. गर्दी जमेपर्यंत थांबायची आयोजकांना खोड आहे आणि तिचा फटका कलाकाराला बसतो, कारण पाऊण तास ताटकळलेला माणूस लगेच हसत नाही.

आता ‘तेच ते जोक’. हे तुम्ही एका वाक्यात लिहून मोकळे झालात, पण खरा वाद इथेच आहे.

दौऱ्याचा सेट, म्हणजे गावोगाव बोलायचा सगळा मजकूर, कसा उभा राहतो ते आधी समजून घ्या. ओपन माइकला, म्हणजे कोणीही येऊन नवा मजकूर आजमावतो त्या मंचावर, चार-पाच मिनिटं मिळतात. दहा कल्पना टाकल्या तर दोन-तीन तगतात. मोबाइलवर रेकॉर्ड करून घरी ऐकायचं: हशा कुठे आला, कुठे नुसती कुजबुज झाली, पंच म्हणजे हशा आणणारा शब्द, त्याच्या आधी कुठला शब्द जादा झाला. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे ‘असं तो म्हणाला होता’ हे शेपूट पंचच्या मागे लोंबकळतं आणि लोक ते संपायच्या आतच हसायला लागतात, म्हणजे हशा अर्धा मरतो. मग वाक्य फिरवायचं, ‘म्हणाला’ पुढे आणायचा, आणि पंचचा शब्द अगदी शेवटी ठेवून तोंड मिटायचं. असं घासूनपुसून आठ-दहा मिनिटांचा एक तुकडा होतो. असे सात-आठ तुकडे जोडले की सव्वा तास होतो.

तुकड्यांचा क्रमही ठरलेला असतो. सगळ्यात भक्कम तुकडा शेवटी, त्याच्या खालोखालचा सुरुवातीला. कोरा, न तपासलेला मजकूर मध्ये, दोन खात्रीच्या तुकड्यांच्या बेचक्यात, म्हणजे तो पडला तरी पुढचा सावरून घेतो. सुरुवात ओळखीच्या मजकुराने करण्याचं कारण आळस नाही. अनोळखी हॉलमधली पहिली दहा मिनिटं हॉल तपासण्याची असतात. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ३० मीटर खोल हॉलमध्ये शब्द मागच्या ओळीपर्यंत जाऊन तिथला हशा परत यायलाच सेकंदाच्या सहाव्या हिश्शाहून जास्त वेळ लागतो, वर पत्र्याचं छप्पर असलं की घुमणं वेगळं. कलाकार मागचा हशा विरायच्या आत बोलला तर पुढच्या जोकचा सेटअप, म्हणजे पंचच्या आधीची मांडणी, बुडतो, आणि सेटअप बुडाला की पंच कितीही चांगला असो, कोणाला काही कळत नाही. हा थांबा किती ताणायचा ते प्रत्येक हॉलमध्ये नव्याने जोखावं लागतं. ते नव्या जोकवर जोखता येत नाही, कारण हशा आला नाही तर दोष जोकचा की साउंडचा हे कळायला मार्ग नाही. दहा ठिकाणी वाजलेला जोक अकराव्या ठिकाणी पडला की कलाकार माझ्याकडे बघतो आणि मी मागचे स्पीकर तपासतो.

आणि टीव्हीच्या पाच मिनिटांची तुलना तर करूच नका. २००५ मध्ये स्टार वनवर ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ आलं तेव्हापासून हा घोटाळा चालू आहे. टीव्हीवर शूट लांब असतं, अडखळला तर रिटेक, मग एडिट, मधूनमधून परीक्षकांचे हसरे चेहरे. मराठीत २०१४ मध्ये ‘चला हवा येऊ द्या’ आणि २०१८ मध्ये ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ सुरू झाली, तिथे तर मुख्य काम स्किटचं: लेखक वेगळा, सोबत दोन-चार नट, भुवई उडवली की क्लोजअप. विसाव्या ओळीतून भुवई दिसते का? तिथे तेच काम आवाजाने आणि अंगाने करावं लागतं, एकट्याने.

पात्राबद्दल एवढंच सांगतो. टीव्हीवरच्या पात्राचे हक्क करारात सहसा वाहिनीकडे किंवा निर्मात्याकडे असतात. परवानगीशिवाय तिकीट लावून ते करता येत नाही. आणि साहेब, एकीकडे ‘पाहिलेलंच दाखवलं’ अशी तक्रार, दुसरीकडे ‘पाहिलेलं पात्र का दाखवलं नाही’ हीही तक्रार. दोन्ही एकाच प्रतिक्रियेत लिहिताना एकदा वाचून तरी बघायचं.

यूट्यूबवर असलेला भाग सुरुवातीचा होता. पुढचा मजकूर त्याने कुठेही टाकलेला नाही, कारण टीव्हीवर गेलेला जोक दुसऱ्या दिवशी रील होऊन सगळ्यांच्या फोनवर असतो. म्हणून जाणते कलाकार दौरा संपेपर्यंत मुख्य सेट कॅमेऱ्यासमोर नेत नाहीत. बाहेर टाकतात ते प्रेक्षकांशी झालेल्या गप्पांचे तुकडे, जे पुन्हा घडणार नसतात. त्या पुढच्या मजकुराबद्दल तुमच्या प्रतिक्रियेत चकार शब्द नाही.

आपल्याच मातीतला दाखला देतो. लक्ष्मणराव देशपांडे, औरंगाबादच्या विद्यापीठातल्या नाट्यशास्त्र विभागाचे. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने ५२ पात्रं उभी करायचे, आणि २००९ मध्ये ते गेले तोवर अनेक वर्षं तेच वऱ्हाड गावोगाव नेलं. लोक पुन्हा पुन्हा गेले. पुढे अभिनेते संदीप पाठक यांनी तोच प्रयोग हाती घेतला, तरी लोक गेले. तुम्ही म्हणाल ते एकपात्री नाटक, हे स्टँडअप. असेल. पण बोलण्यातले थांबे, श्वास आणि वळणं घासून घासून पक्की होण्याचं काम दोन्हीकडे सारखंच आहे, आणि ते रोज नवा मजकूर बोलून होत नाही.

तिकिटाचं म्हणाल तर दर आयोजक ठरवतात, त्यांना विचारा. पार्किंगचंही तिथेच. मुंबई-पुण्यात वेगळं करतात आणि आपल्याकडे उरलंसुरलं आणतात, हे तुम्ही कशावरून लिहिलंत मला माहीत नाही. दोन्हीकडचे प्रयोग पाहिले असतील तर फरक लिहा, मी जरूर वाचीन.

तुमची प्रतिक्रिया ठेवली आहे. फक्त ‘दलाल’ हा शब्द काढला आहे. तो पुन्हा लिहिलात तर सगळीच काढेन.