सोडलेल्या कामात परत कसं यायचं?

महिन्याच्या १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर टू-बी, म्हणजे विकणाऱ्यांनी आमच्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी येते आणि २० ला थ्री-बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न भरायचं असतं, मधले दिवस आमच्या अकाउंट्सवाल्यांचे कसे जातात ते करणाऱ्यालाच माहीत. एका स्क्रीनवर टॅली, दुसऱ्यावर एक्सेलमध्ये परचेस रजिस्टर, एकेक बिल मॅच करत असते आणि तेवढ्यात चॅटवर "मॅडम दोन मिनिटं", मग कुणाचं लेजर काढून द्या, मग कॉल, मग सरांना बँक बॅलन्स. पाऊण तासाने परत येते तर एक्सेल होतं तिथेच उघडं, पण मी कुठवर आले होते तेच आठवत नाही. गेल्या वर्षी अशाच गडबडीत एका बिलाचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, दोनदा धरलं गेलं, रिटर्नच्या आदल्या रात्री सापडलं, फार घाबरले होते मी.

यावर फोकस मोड वापर, म्हणजे मेसेज-नोटिफिकेशन बंद ठेव, असं सगळे सांगतात. पण ते दार बंद करणारं झालं. पेमेंट अडकलेला माणूस विचारणारच ना, आणि त्याने विचारायलाच हवं.

सोफी लरॉय या संशोधक बाईंनी २००९ मध्ये याला अटेन्शन रेसिड्यू म्हटलं, म्हणजे अर्धवट सोडलेल्या कामात मन थोडं अडकूनच राहतं. पुढे २०१८ मध्ये थेरेसा ग्लॉम्बसोबत त्यांनी दाखवलं की काम सोडताना कुठवर आलो आणि परत आल्यावर आधी काय करायचं एवढं पटकन लिहून ठेवलं तरी पुढच्या कामात लक्ष लागतं. किती साधी गोष्ट!

आणि सॉफ्टवेअर बघा, झेरॉक्सच्या पार्क लॅबमध्ये १९८६ लाच रूम्स नावाची सिस्टीम होती, एका कामाच्या सगळ्या खिडक्या एका खोलीत. आज विंडोजमध्ये कंट्रोल-विंडोज-डी दाबलं की त्याच स्क्रीनवर खिडक्यांसाठी आणखी एक रिकामा डेस्कटॉप मिळतो, मी रोज वापरते, जीएसटीचा वेगळा, पेमेंटचा वेगळा, खरंच खूप फरक पडतो. पण खिडक्या जागेवर राहतात, एक्सेलच्या २१४ व्या ओळीवर मी का थांबले होते ते विंडोजला कुठे माहीत असतं? डेस्कटॉप बदलताना त्याने एक ओळ लिहून घ्यावी आणि परत आल्यावर तीच आधी दाखवावी, एवढंच हवंय मला.

तोवर कीबोर्डशेजारी वही ठेवलीये. आमच्या ज्युनियरला पण आता माहितीये, परवा टेबलापाशी आला आणि म्हणाला, "ताई, आधी लिहून घ्या, मी थांबतो."