लागली होती, पण गेले नाही

आमच्या फॅमिली ग्रुपवर वर्षभर दोनच भांडणं चालतात, गणपतीला कोण किती दिवस येणार हे एक आणि दुसरं राजकारण. गेल्या महिन्यात तिसरं सुरू झालं आणि विषय होता मावशीची लघवी. आता हे असं सरळ लिहिताना मलाच कसंतरी होतंय, कारण आपल्याकडे शाळेत करंगळी वर करून "बाई, एकीला जाऊ?" म्हणायचं, घरात "जाऊन येते" म्हणायचं, आणि पन्नाशीनंतर तेही म्हणायचं नाही. पण ग्रुपवर चाळीस माणसं बोलून झाली आहेत, तर मी इथे ब्रिटनमध्ये, लेस्टरला बसून लाजण्यात काही अर्थ नाही.

तर झालं असं. मावशी मुंबईत कांजूरला राहते, वय ५६, दादरला साड्यांच्या दुकानात एकवीस वर्षं काउंटरवर उभी. दोनेक वर्षं तिला एकदम कळ यायची, म्हणजे आली की आलीच, दोन मिनिटं दम निघत नाही. साखर तपासली, इन्फेक्शन तपासलं, काही नाही. शेवटी एका मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर, आणि आमच्याकडे एका नव्या गोळीचा अभ्यास चालू आहे, भाग घेणार का. तिने मराठीतला संमतीचा फॉर्म ग्रुपवर टाकला, त्यात लिहिलं होतं "अतिक्रियाशील मूत्राशय". खाली मावशीचा मेसेज, "हे माझं आहे म्हणे."

दादाचं लगेच, गिनी पिग करतायत, सही करू नकोस. मामेबहीण अंधेरीला औषध कंपनीत आहे, ती म्हणाली अरे आता नियम किती कडक झालेत तुला माहितीये का. मग मामांचं तिसरंच, परदेशात पास झालेल्या काही औषधांना सरकारने २०२४ मध्ये इथल्या ट्रायलमधून, म्हणजे माणसांवरच्या चाचणीतून, सूट दिली ना, मग आपल्या लोकांवर कशाला परत. आणि मग सगळे माझ्याकडे वळले, कारण चार वर्षांपूर्वी मी इथे अशाच एका अभ्यासात होते, तू सांग तिकडे कसं असतं. परदेशात राहण्याचा हा एक तोटा, लोकांना वाटतं आपण निकाल द्यायलाच इकडे आलोय.

दादाला मी वेड्यात काढणार नाही. २०१० मध्ये आंध्र आणि गुजरातेत मुलींवरचा एचपीव्ही लशीचा (गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरविरुद्धची लस) प्रकल्प थांबवावा लागला, तेव्हा आईबापांच्या सहीच्या जागी हॉस्टेलच्या वॉर्डननी सह्या केल्याचं बाहेर आलं. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारला चांगलंच धारेवर धरलं, मग संमती घेतानाचं व्हिडिओ रेकॉर्डिंग सक्तीचं झालं (पुढे तेही बरंच सैल केलं). २०१९ च्या नियमांत ट्रायलमुळे इजा झाली तर फुकट उपचार आणि भरपाई आहे, ट्रायल माणसांसाठी योग्य आहे का हे बघणारी एथिक्स कमिटी आहे, आणि २००९ पासून प्रत्येक ट्रायल सरकारी रजिस्ट्रीत नोंदवावी लागते, ती कुणीही उघडून वाचू शकतं. दादा ती वाचत नाही, तो फॉरवर्ड वाचतो, पण त्याची भीती हवेतली नाही.

आता माझं. दुसऱ्या बाळंतपणानंतर सुरू झालं, मी सहा वर्षं कुणाला बोलले नाही, लेस्टरमध्ये राहून पण डोक्यात अजून आमची चाळच होती. शेवटी जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेले तर तिने गोळी दिलीच नाही आधी. इथली पद्धत अशी की निदान ६ आठवडे ब्लॅडर ट्रेनिंग, म्हणजे लागली की लगेच पळायचं नाही, पाच मिनिटं थांब, मग दहा, असं वाढवत न्यायचं, चहा-कॉफी कमी करायची. त्याने भागलं नाही तर गोळी. त्याच्याही पुढे बोटॉक्स आहे, तेच सुरकुत्यांचं, फक्त ते मूत्राशयाच्या स्नायूत टोचतात, आणि नाहीतर नसांना विजेचे बारीक झटके. हे सगळं ऐकून मी म्हटलं मला अभ्यासातच घ्या, निदान नर्स वेळेवर फोन तरी करेल. (एनएचएसची, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेची वेटिंग लिस्ट ज्यांना माहितीये त्यांना हा हिशोब कळेल.)

अभ्यासात पहिलं काय देतात तर डायरी. तीन दिवस, चोवीस तास, कितीला गेलात, किती मिली झाली, घाई किती होती, कपडे ओले झाले का. सोबत मापाचा प्लास्टिकचा मग. ती डायरी म्हणजेच ट्रायल असते जवळजवळ, कारण रक्तात वगैरे काही दिसत नाही या आजारात, बाई जे लिहिते त्यावर औषधाचा निकाल लागतो. आणि तो निकाल किती बारीक असतो बघा. मिराबेग्रॉन नावाची गोळी आहे, अमेरिकेत २०१२ मध्ये पास झाली, आता भारतातही मिळते. तिच्या मोठ्या ट्रायल्स एकत्र करून पाहिल्या तर गोळी घेणाऱ्यांच्या दिवसाच्या फेऱ्या सरासरी १.७५ ने कमी झाल्या. आणि नुसती खोटी, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांच्या? १.२० ने. म्हणजे सगळी फार्मा, एवढा पैसा, आणि फरक दिवसाला अर्ध्या फेरीचा. मी हे ग्रुपवर टाकलं तर मामा म्हणाले मग खोटीच द्या, स्वस्त पडेल.

पण ते अर्धं म्हणजे काहीच नाही असं नाही, हे ज्याला लागते त्यालाच कळतं, सरासरीत कुणाला काहीच फरक पडत नाही आणि कुणाच्या तीन फेऱ्या वाचतात. आणि खोट्या गोळीने बरं का वाटतं तर बहुतेक डायरीमुळे, लिहायला लागलं की माणूस आपोआप थांबायला शिकतो, मी शिकले. मला खरी मिळाली होती की खोटी हे शेवटपर्यंत कळलं नाही आणि शेवटी विचारायचं मीच विसरले.

एवढं सांगून मी लिहिलं, मावशी, फॉर्म नीट वाच, प्रश्न विचार, मध्येच सोडायचा हक्क असतो तो लक्षात ठेव, आणि वाटलं तर घे भाग. दादाने रागाचा इमोजी टाकला. मावशीने डायरी आणली.

आणि मावशीला त्यांनी घेतलंच नाही.

कारण या ट्रायल्सना आत घ्यायची अट साधारण अशी असते की चोवीस तासांत सरासरी निदान ८ वेळा लघवी झाली पाहिजे आणि तीन दिवसांत निदान ३ वेळा ती अनावर घाई. मावशीचं सरासरी आलं पाच. पाच म्हणजे नॉर्मल. ज्या बाईला दोन वर्षं रात्री झोप नाही ती कागदावर नॉर्मल.

मी तिला म्हटलं डायरीचा फोटो पाठव. सकाळी सहाला एकदा, मग थेट संध्याकाळी साडेसात, मग रात्री तीनदा. मधले तेरा तास कोरे. पण समासात पेनाने बारीक अक्षरात लिहिलेलं, "घाटकोपर, लागली होती पण गेले नाही." "दुकान, लागली होती, किल्ली शेठजींकडे, गेले नाही." "४ वाजता परत. गेले नाही." तीन दिवसांत अशा अकरा नोंदी. फॉर्मवर त्यासाठी रकानाच नव्हता. घाई किती होती हे विचारलंय, पण ते गेलेल्या फेरीपुढे. न गेलेली फेरी कुठे लिहायची?

हे वाचल्यापासून मला ग्रुपवरचं सगळं भांडण बाजूचं वाटायला लागलंय. गिनी पिग की नाही, नियम कडक की सैल, बाहेर पास झालं की इथे लागतंच कशाला, ठीक आहे, चालू दे. पण ही डायरी ज्या बाईला डोळ्यासमोर ठेवून केलीये ती बाई लागली की जाऊ शकते. तिच्या ऑफिसात बाथरूम आहे, ट्रेनमध्ये आहे, कोपऱ्यावर कॅफे आहे. ती बाई म्हणजे आता मी. कांजूर ते दादर लोकलमध्ये संडास नाही, दुकानात आहे तर किल्ली मागायची, ती पण पुरुषाकडे. म्हणून मावशी सकाळी अर्धा कप चहा घेते आणि मग दुपारी चारपर्यंत पाणी तोंडाला लावत नाही. एकवीस वर्षं. हे मुंबईतल्या निम्म्या बायकांचं टाइमटेबल आहे, माझी आई पण असंच करायची आणि दर मे महिन्यात तिला उन्हाळी लागायची, म्हणजे लघवीला जळजळ, मग धण्याचं पाणी.

आणि म्हणूनच मामांचं "बाहेर पास झालंय ना" मला पटत नाही. मिराबेग्रॉनच्या आशियातल्या एका ट्रायलमध्ये भारतातले पेशंट होते, म्हणजे आपली माणसं घेतलीच नाहीत असं नाहीये. पण देश मोजला, दिवस नाही मोजला. जुन्या गोळ्या आहेत, ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सॉलिफेनॅसिन, त्यांनी तोंड कोरडं पडतं, कारण मूत्राशयाच्या स्नायूला त्या जिथून शांत करतात तसलीच जागा लाळेच्या ग्रंथीत पण आहे. लेस्टरच्या थंडीत तोंड कोरडं पडलं तर मी पाण्याची बाटली ठेवते. मावशीला आधी एका डॉक्टरने तसलीच गोळी दिली होती एप्रिलात. पाणी प्यावं तर लागते, न प्यावं तर जीभ टाळूला चिकटते, गिऱ्हाईकाशी बोलायचं कसं. नऊ दिवसांत सोडली. हे कुठल्या पेपरात येणार, "सहभागी व्यक्तीने औषध बंद केले" एवढंच येईल. (इथे तर वयस्कर बायकांना ऑक्सिब्युटिनिन द्यायला आता कचरतात, स्मरणशक्तीची शंका आहे म्हणून, ते वेगळंच.)

इकडे सगळं आलबेल आहे असंही नाही. ब्रिटनमधल्या कौन्सिलांनी पैसे नाहीत म्हणून कितीतरी सार्वजनिक टॉयलेट बंद करून टाकलीत, आणि लंडनच्या ट्यूबमध्ये पण गाडीत संडास नाहीच. पण संशोधन बाईच्या सोयीचा प्रश्न विचारतं कधीकधी. मूत्राशयात नळी घालून दाब मोजायची एक तपासणी आहे, युरोडायनॅमिक्स, ज्यांना गोळ्यांनी गुण येत नाही अशा बायकांवर ती करतात. इथे हजाराहून जास्त बायकांवर ट्रायल करून त्यांनी विचारलं की ही नळी घातल्याने पुढे बाईला खरंच जास्त बरं वाटतं का. २०२५ मध्ये उत्तर आलं, नाही, फारसा फरक नाही. हा प्रश्न कुणातरी बाईला नळी नको होती म्हणून आला असणार असं मला उगाच वाटतं.

तर मुंबईत ट्रायल व्हाव्यात, माझं मत तेच आहे, दादा काही म्हणो. पण इथली डायरी घेऊन. पाणी कधीपासून कधीपर्यंत प्यायलं नाही याचा रकाना, किती वेळा धरून ठेवली त्याचा, जवळचा संडास किती लांब आणि पैसे पडतात का त्याचा. २०११ मध्ये मुंबईतल्या बायकांनी राइट टू पी नावाचं आंदोलन सुरू केलं ते याच मुद्द्यावर, की पुरुषांना मुतारी फुकट आणि आम्हाला का पैसे. तो म्युनिसिपालिटीचा विषय आणि हा मेडिकलचा, असं आपण वाटून टाकलंय, पण मावशीच्या पोटात तो एकच आहे. कुणी सांगावं, दुकानाची ती किल्ली खिळ्याला लटकवली तरी दिवसाला अर्ध्या फेरीएवढा फरक पडेल, बघितलंय कुणी?

ग्रुपवर शेवटचा मेसेज दादाचाच होता, "म्हणजे गिनी पिग म्हणून पण नापास." त्यावर मावशीने हसण्याचे सहा इमोजी टाकले. मग मला वेगळा फोन केला, की अगं तो कागद परत द्यायला गेले तर डॉक्टरीणबाईंनी समासातलं सगळं वाचलं आणि झेरॉक्स काढून ठेवली. मी म्हटलं कशाला, काय म्हणाल्या? तर म्हणे विचारलंच नाही मी, लागली होती, आणि तिथे बाथरूम होतं.