साडेसहा कोटींचा विक्रम? छे, वीस कोटींचा!

खेळाडूच्या कराराचा मोठा आकडा बातमीत दिसला की मी मोबाइलवर कॅल्क्युलेटर उघडतो. खोड आहे, काय करणार.

बेसबॉलचंच बघा. डिसेंबर २०२३ मध्ये शोहेई ओहतानीने डॉजर्स संघाशी १० वर्षांसाठी ७० कोटी डॉलरचा करार केला. वर्षभरात हुआन सोटोने मेट्स संघाकडून १५ वर्षांचे ७६.५ कोटी घेतले. झालं, विक्रम साडेसहा कोटींनी मोडला म्हणून गाजावाजा!

पण ओहतानीला खेळत असताना वर्षाला मिळणार फक्त २० लाख. बाकीचे दरवर्षीचे ६.८ कोटी उधार. ते २०३४ ते २०४३ या काळात मिळणार, तेही बिनव्याजी. बेसबॉल लीग अशा हिशेबाला वापरते त्या साधारण ४.४ टक्के व्याजदराने दहा वर्षांनंतरच्या ६.८ कोटींचे आज जेमतेम ४.४ कोटी होतात. म्हणून लक्झरी टॅक्ससाठी (संघाचे पगार मर्यादेबाहेर गेले की लागणारा कर) त्याचा पगार वर्षाला ४.६ कोटी धरतात आणि लोक सांगत सुटतात, 'करार खरा ४६ कोटींचा'.

तेही अर्धवटच. त्या हिशेबात प्रत्येक उधारी ज्या वर्षी कमावली त्या वर्षापर्यंतच मागे आणली आहे. सगळं सहीच्या दिवसापर्यंत आणलं तर माझ्या गणिताने ३७ कोटींच्या आसपास उरतात. सोटोची उधारी शून्य, वर सहीचा बोनस ७.५ कोटी, त्याच दराने त्याचे ५५-५७ कोटी होतात. म्हणजे खरा फरक वीस कोटींच्या आसपास. (पाच वर्षं जास्त खेळायचंय त्याला, हेही खरं.)

आणि बॉबी बोनिया या जुन्या खेळाडूवरून मेट्सला हसणाऱ्यांनो, जरा थांबा. २००० मध्ये त्याला ५९ लाख डॉलर देणं होतं, त्याऐवजी ठरले २०११ ते २०३५ दर १ जुलैला सुमारे ११.९ लाख. बेरीज जवळपास ३ कोटी, म्हणून हसू. पण ८ टक्क्यांनी २००० सालापर्यंत मागे आणा, बरोब्बर ५९ लाखच येतात! मेट्सची चूक असलीच तर ८ टक्के व्याज कबूल करण्यात.

आपल्या आयपीएलमध्ये ही भानगड नाही. पंतचे २७ कोटी रुपये एका हंगामाचे, त्यामुळे कोण महाग हे तिसरीतलं पोरही सांगेल.

ओहतानी फसला म्हणून हळहळू नका मात्र. उधारीची कल्पना त्याचीच होती, म्हणजे उरलेल्या पैशांत संघाला आणखी चांगले खेळाडू घेता यावेत. जाहिरातींतून एवढं मिळत असताना त्याला घाई कसली? २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी वर्ल्ड सिरीज (लीगची अंतिम मालिका) डॉजर्सनीच जिंकली.