ब्लूटूथवर बेस का जातो? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्देसूद आहे, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं: गाडीत तेच गाणं पेनड्राइव्हवरून फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवता साठवलेली फाइल) लावलं की खणखणीत वाजतं, फोनवरून स्पॉटिफायवर लावलं की बेस गायब. दोष ब्लूटूथचा, तेव्हा एलडॅकवालं (ब्लूटूथचा जास्त दर्जाचा कोडेक) हेड युनिट, म्हणजे डॅशबोर्डमधला म्युझिक प्लेयर, घ्या म्हणायचं सोडून मी गाडीच्या दारांच्या डॅम्पिंगवर (पत्र्याचं कंपन दाबणारं अस्तर) खर्च करायला लावतो, ही दिशाभूल आहे.

फरक ऐकू येतो यात वाद नाही. पण लक्षण आणि निदान जुळत नाही. कोडेक म्हणजे आवाज दाबून लहान करून पाठवण्याची पद्धत. एसबीसी हा ब्लूटूथचा सक्तीचा, सगळ्यात साधा कोडेक. बिटपूल (त्याच्या दर्जाचं सेटिंग) ५३ वर तो ३२८ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) देतो. स्वस्त युनिट बिटपूल ३५ वर, म्हणजे २२९ वर अडलं, तर टाळ-झांजा खरखरीत होतात. ढोल जागेवरच राहतो. कोडेक बेस खात नाही.

मग बेस जातो कुठे? पहिला संशय पातळीवर घ्या. स्पॉटिफायमध्ये व्हॉल्यूम नॉर्मलायझेशन (सगळी गाणी सारख्या आवाजात आणणारं सेटिंग) मुळातच चालू असतं. मुळात मोठ्या आवाजात तयार केलेली गाणी ते खाली आणतं, पेनड्राइव्हला ही कात्री नाही. आणि एकूण आवाज उतरला की कानाला बेस सगळ्यात आधी कमी वाटतो. त्यात फोनचा व्हॉल्यूम अर्ध्यावर, किंवा यूएसबीला वेगळा इक्वलायझर लागलेला (बऱ्याच युनिटमध्ये तो प्रत्येक सोर्सला स्वतंत्र असतो), मग विचारायलाच नको.

तपासून बघा. नॉर्मलायझेशन बंद करा, दोन्हीकडचा इक्वलायझर सपाट करा, लाउडनेस (कमी आवाजात बेस वाढवणारं सेटिंग) बंद करा, फोनचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवा. २०० हर्ट्झची एकच टोन-फाइल (एकाच सुराचा सलग आवाज) पेनड्राइव्हवर आणि फोनमध्ये टाका. मल्टीमीटर एसी व्होल्टवर घेऊन त्याच स्पीकरच्या प्लस-मायनसवर लावा. एक टोक बॉडीला लावू नका. हेड युनिटच्या दोन्ही तारांवर बॉडीच्या तुलनेत डीसी असतो, शॉर्ट झाला तर युनिटमधली अ‍ॅम्प्लिफायरची चिप (आयसी) जाते. टोन १ किलोहर्ट्झची नको, कारण साधे मीटर ४०० हर्ट्झच्या वर चुकायला लागतात. यूएसबीवर २.०० व्होल्ट आणि ब्लूटूथवर १.७८ आले, तर तो १ डेसिबलचा फरक झाला. एवढ्यावरही कान जोरातल्या बाजूलाच ‘चांगलं’ म्हणतो. युनिटमधल्या सोर्स लेव्हल सेटिंगने (प्रत्येक सोर्सचा आवाज वेगळा कमी-जास्त करणारं) दोन्ही आकडे जुळवा आणि मग तेच फ्लॅक फोनमधून वाजवून ऐका, स्पॉटिफायवरून नाही. शक्य असेल तर सोर्स दुसऱ्या कुणाला बदलू द्या, तुम्ही स्क्रीनकडे बघू नका.

एलडॅकबद्दल: आयफोन असेल तर पैसे वाया, तो एसबीसी आणि एएसी (आणखी एक कोडेक) यांच्यापलीकडे जात नाही. अँड्रॉइडवर डेव्हलपर ऑप्शन्समध्ये (सेटिंग्जमधला एरवी लपलेला भाग) प्रत्यक्षात कुठला कोडेक चालू आहे ते दिसतं. एलडॅक ९९०, ६६० आणि ३३० केबीपीएस या तीन दरांवर चालतो आणि ‘बेस्ट एफर्ट’वर सिग्नल ढासळला की दर उतरवतो. वायरलेस कारप्लेत (आयफोन गाडीच्या स्क्रीनला जोडणारी अ‍ॅपलची सोय) गाणं वायफायवरून जातं, तिथे हा वादच उरत नाही. तुमच्या बाजूने एक गोष्ट नक्की: अँड्रॉइडवर एएसीचा दर्जा फोनागणिक बदलतो, त्यामुळे तिथे कोडेक बदलून पाहण्यात अर्थ आहे.

आता दारं. स्पीकरचा कोन पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे तीच हवा ओढतो. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी भोकं आणि त्यावर पातळ प्लास्टिक, त्यामुळे मागची लाट पुढे येऊन बेस खाते. हे नुकसान कुठलाही कोडेक भरून देत नाही. बाहेरच्या पत्र्याला आतून २ मिमी ब्यूटाइल (चिकट रबरी) शीट रोलरने दाबून बसवा, आतल्या पत्र्याची ती मोठी (सर्व्हिसची) भोकं बंद करा, स्पीकर आणि ट्रिम (दाराचं आतलं आवरण) यांच्या मधल्या फटीत फोमची रिंग घाला. तळातली पाणी जाण्याची भोकं मात्र बुजवू नका, नाहीतर पावसाळ्यात दार आतून गंजेल. स्पीकरखालची स्पेसर रिंग एमडीएफची (लाकडाच्या भुशाचा बोर्ड) नको, ओल लागली की फुगते. ट्रिम लावायच्या आधी काच पूर्ण खाली घेऊन स्पीकरच्या मॅग्नेटला घासते का बघा.

आणि ट्रिम उघडलीच आहे तर पोलॅरिटी (प्लस-मायनस तारा बरोबर जोडल्यात का) तपासा. स्पीकरची तार सोडवून १.५ व्होल्टचा सेल क्षणभर लावा: सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला, तर कोन बाहेर यायला हवा. एका बाजूची तार उलटी असली की बॅलन्स मध्यावर ठेवल्यावर बेस पातळ होतो आणि एकाच बाजूला नेल्यावर भरतो. पेनड्राइव्हवरही असं होत असेल तर ब्लूटूथला मोकळं सोडा.

हे सगळं करूनही फरक उरला तर फोनचं मॉडेल, डेव्हलपर ऑप्शन्समध्ये दिसलेला कोडेक आणि मीटरचे दोन्ही आकडे इथेच लिहा.