पाण्याचा इंच कळतोय, पैशाचा का नाही?

मंडळी, पावसाळा लागला की आपल्या कोल्हापुरात गल्लीच्या ग्रुपवर पहाटेपासनं सुरू होतंय बघा, पंचगंगेवरचा राजाराम बंधारा इतके फूट इतके इंच, एवढे बंधारे पाण्याखाली, राधानगरी धरणाचा कितवा दरवाजा उघडला. 39 फुटाला इशारा आणि 43 ला धोका हे शाळेतल्या पोरालापण पाठ हाय. म्हणजे पाणी इंचाइंचानं मोजून सगळ्या गावाला सांगता येतंय. मग पुरासाठी आलेला पैसा का सांगता येत नाही?

आमच्या जिन्याजवळ भिंतीवर ऑइलपेंटच्या दोन रेघा हायत, एक 2019 ची, एक 2021 ची. बंधाऱ्यावर 2019 ला 55 फूट पार झालेलं आणि दोनच वर्षांनी 56 च्या वर. दुसरी रेघ मारताना वडील म्हणाले, डबा टाकू नको, रंग शिल्लक हाय. हसावं का रडावं कळेना.

आता जागतिक बँकेच्या मदतीनं कोल्हापूर-सांगलीच्या पुरासाठी सुमारे 3200 कोटींचं बोलणं चाललंय. त्यात मोठा वाटा कर्जाचा हाय, फेडणार आपणच. पण एवढा मोठा आकडा माझ्या डोक्यात मावत नाही, मला फक्त आमच्या मागच्या नाल्याचा पाहिजे. म्हणून एका कार्यालयात माहिती अधिकारात अर्ज टाकला, 10 रुपयाचं कोर्ट फी तिकीट लावून: गाळ काढायला किती दिले, किती डंपर निघाला, टाकला कुठं. (कुठं टाकला ते मला दिसतंय, काठावरच, पहिल्या वळवानं अर्धा परत आत.) अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं, "सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही." अहो, संबंधित नसंल तर पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडं पाठवायचा असतोय अर्ज, कायद्यातच हाय की ते!

सगळे चोर हायत असं मी म्हणत नाही, आईला बोटीतनं बाहेर काढणारी माणसंपण सरकारीच होती. पण काम चालू हाय तिथं एक फलक लावायला काय जातंय, रक्कम किती, ठेकेदार कोण, संपणार कधी, आजपर्यंत बिल किती निघालं. पूररेषेतल्या भरावाबद्दल वेगळं लिहीन, तो विषय काढला तर रात्र पुरायची नाही.

सोमवारी पहिलं अपील द्यायला चाललोय. शाहूपुरी, दुधाळी, सुतारमळ्यातल्या कुणाला आपापल्या नाल्याचं विचारायचं असंल तर अर्जाचा नमुना कमेंटमध्ये टाकतोय, नाव-पत्ता तेवढा बदला.