‘डीएनए जुळला, आता खटला कशाला?’

लागोपाठ दोन-तीन गुन्हे झाले आणि संशयित पकडला गेला, की व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेला मजकूर फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: एकाच माणसाचा डीएनए चार ठिकाणी सापडला म्हणजे चारही गुन्हे त्याचेच. डीएनए खोटं बोलत नाही, चूक होण्याची शक्यता कोट्यवधींत एक. तरी कोर्ट वर्षानुवर्षं घोळ घालतं आणि शेवटी तांत्रिक मुद्द्यावर सोडून देतं. त्यापेक्षा सगळ्या देशाचे डीएनए घेऊन ठेवा, गुन्हेगारी संपेल.

यातलं पहिलंच वाक्य सर्वांत पटणारं आहे आणि सर्वांत जास्त गोत्यात आणणारंही. म्हणून आधी तेच घेऊ.

२५ एप्रिल २००७ रोजी जर्मनीतल्या हाइलब्रॉन शहरात गाडीत बसलेल्या २२ वर्षांच्या महिला पोलिसाला कुणीतरी गोळी घालून मारलं. सोबतचा सहकारी जबर जखमी झाला. गाडीवर एका बाईचा डीएनए मिळाला आणि तपासणारे चक्रावले, कारण हा डीएनए त्यांना आधीच माहीत होता. १९९३ मध्ये इडार-ओबरश्टाइनमध्ये खून झालेल्या वृद्धेच्या घरातल्या कपावर तो होता. २००१ मधल्या फ्रायबुर्गच्या खुनात होता. हेरॉइनच्या सिरिंजवर, अर्धवट खाल्लेल्या बिस्किटावर, फ्रान्समधल्या दरोड्यात वापरलेल्या खेळण्यातल्या पिस्तुलावरही होता. तीन देशांत मिळून चाळीसच्या आसपास गुन्हे, आणि सगळीकडे ही एकच बाई. वर्तमानपत्रांनी तिला ‘बिनचेहऱ्याची बाई’ म्हणायला सुरुवात केली. तीन लाख युरोंचं बक्षीस लागलं. काही घरफोड्यांतले साथीदार हाती लागले, पण अशी कुणी बाई आमच्याबरोबर नव्हती, हे ते सांगत राहिले. चोरांवर कोण विश्वास ठेवणार?

मार्च २००९ मध्ये फ्रान्समध्ये एका जळालेल्या पुरुषाची ओळख पटवायची होती. त्यासाठी त्याच्या जुन्या बोटांच्या ठशांचा कागद तपासला, तर त्यावरही हीच बाई! दुसऱ्या स्वॅबने पुन्हा तपासलं, तर ती गायब. मग उलगडा झाला. नमुना टिपायला वापरतात त्या कापूस गुंडाळलेल्या काड्याच दूषित होत्या. कारखान्यात पॅकिंग करणाऱ्या एका कामगार बाईचा डीएनए त्यांना लागलेला होता. काड्या निर्जंतुक केलेल्या होत्या, पण निर्जंतुक करताना जंतू मरतात, डीएनए जात नाही. आणखी एक गंमत म्हणजे ही ‘खुनी’ बाई शेजारच्या बव्हेरिया राज्यात कधीच गेलेली दिसत नव्हती. तिथले पोलीस स्वॅब दुसरीकडून घेत.

म्हणजे प्रयोगशाळेचं उत्तर बरोबरच होतं: सगळे नमुने एकाच व्यक्तीचे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा. आणि त्या नादात खरे मारेकरी मोकळे फिरले. नोव्हेंबर २०११ मध्ये त्या पोलिसाचं पिस्तूल आयझेनाखमधल्या एका जळालेल्या कॅराव्हॅनमध्ये, दोन नवनाझींच्या मृतदेहांपाशी सापडलं.

पुढचं गृहीतक: डीएनए सापडला म्हणजे माणूस तिथे गेला होता. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात सॅन होझेजवळ घरात घुसून एका श्रीमंत गृहस्थाचा खून झाला. मृताच्या नखांवर ज्याचा डीएनए मिळाला, तो माणूस त्या रात्री दारूच्या अमलाखाली हॉस्पिटलात पडलेला होता, तशी नोंदही होती. तरी त्याने काही महिने तुरुंगात काढले. त्याला उचलून नेणारे रुग्णवाहिका कर्मचारीच नंतर खुनाच्या जागी गेले होते. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरून त्याच्या पेशी मृताच्या बोटावर गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष निघाला. पीडितेच्या शरीरातून घेतलेला वीर्याचा नमुना वेगळा आणि दाराच्या मुठीवरच्या त्वचेच्या चार पेशी वेगळ्या. ‘डीएनए जुळला’ एवढ्याच बातमीत हा फरक कळत नाही.

‘कोट्यवधींत एक’ हा आकडा खोटा नसतो, पण तो सांगतो एवढंच की नात्यात नसलेल्या भलत्याच माणसाचा नमुना योगायोगाने जुळण्याची शक्यता किती. आरोपी निर्दोष असण्याची शक्यता तो सांगत नाही. शिवाय चाचणी कुठली होती, हेही बघावं लागतं. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय-गुणसूत्रावरची असेल, तर बाप, भाऊ, चुलते, चुलतभाऊ, सगळ्या भाऊबंदांचं उत्तर सहसा एकच येतं.

आता कोर्टावरचा राग. २०१७ मध्ये निर्भया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डीएनए पुरावा मान्य करून फाशी कायम केली. म्हणजे कोर्टाला डीएनएचं वावडं नाही. पण ठाणे जिल्ह्यातल्या २०१० च्या एका बालिकेवरच्या अत्याचार आणि खुनाच्या खटल्यात याच न्यायालयाने मे २०२३ मध्ये फाशी रद्द करून आरोपीला सोडलं. नमुने प्रयोगशाळेत पाठवायला उशीर का झाला, याचा खुलासा नव्हता आणि ते दूषित झाले नसतील याची खात्री देता येत नव्हती. बातमी वाचून संताप येणं स्वाभाविक आहे, त्या मुलीच्या घरच्यांचं काय झालं असेल याची कल्पनाही करवत नाही. पण याला नुसता तांत्रिक मुद्दा म्हणू नका. कुणी नमुना घेतला, सील कुणी केलं, पंच कोण, मुद्देमाल किती दिवस ठाण्यात पडून होता, हे सांगता येत नसेल, तर अहवालात जुळलेला नमुना आरोपीचाच आणि त्याच जागेवरचा, हे कशावरून? हाइलब्रॉनला काडीच दूषित होती. आपल्याकडे ती काडी कुणाच्या हातातून गेली, हेही कधीकधी कागदावर नसतं. जुलै २०२५ मध्ये तामिळनाडूतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नमुने ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचवायला आणि त्यांच्या प्रवासाची नोंदवही ठेवायला सांगितलं. राग काढायचाच असेल तर या नोंदवहीवरून काढा.

राहिली सगळ्यांचे डीएनए घेण्याची कल्पना. इंग्लंडमधल्या लेस्टरशायरमध्ये १९८३ आणि १९८६ मध्ये दोन मुलींवर बलात्कार करून त्यांचे खून झाले. दुसऱ्या खुनाची कबुली एका १७ वर्षांच्या मुलाने दिली होती. डीएनएवरून ओळख पटवण्याची पद्धत शोधणारे शास्त्रज्ञ अ‍ॅलेक जेफ्रीज यांच्या चाचणीने दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे ठरवले, पण तो माणूस हा मुलगा नव्हता. गुन्हे जोडणारा डीएनए आधी एका निर्दोषाला सोडवून गेला, हे फिरत्या मजकुरात कधी येत नाही. मग आसपासच्या हजारो पुरुषांची रक्ततपासणी झाली आणि कुणीच जुळलं नाही, कारण खुनी कॉलिन पिचफोर्कने आपल्या जागी सहकाऱ्याला रक्त द्यायला पाठवलं होतं! हे बिंग फुटलं पबमधल्या गप्पांतून. सप्टेंबर १९८७ मध्ये तो पकडला गेला आणि मग त्याचा डीएनए जुळला.

आपल्याकडे डीएनए पेढीची तरतूद असलेलं २०१९ चं विधेयक संसदीय समितीकडे गेलं आणि २०२३ मध्ये सरकारनेच मागे घेतलं. ते परत आलं, तर सव्वाशे कोटींहून जास्त लोकांचे नमुने कोण, कुठे आणि कसे सांभाळणार, हे आधी विचारावं लागेल. एका गुन्ह्याचे मोजके नमुने सीलबंद पोहोचवताना आपली काय तारांबळ उडते, ते ठाण्याच्या निकालपत्रात लिहिलेलं आहे.